सातच्या खाली

सकाळी जाग आली की डोळे उघडण्याआधी तो पाय हलवून पाहत असे. आधी डावा, कारण डाव्याची खात्री होती, मग उजवा. उजवा हलला, पण हलल्याची बातमी त्याच्यापर्यंत जरा उशिरा पोचली, पांघरुणात दुसऱ्याच कुणाचा तरी पाय शेजारी सरकावा तशी. एवढं चालण्यासारखं होतं. तो कुशीवर वळला, पलंगाच्या कडेला बसला आणि थोडा वेळ नुसता बसून राहिला. मान खाली घालायची नाही, हे आता अंगवळणी पडलं होतं. हनुवटी छातीकडे गेली की पाठीच्या कण्यातून विजेची एक बारीक लकेर थेट टाचांपर्यंत उतरे. म्हणून चपला त्यानं डाव्या पायानं चाचपून शोधल्या. न्हाणीघरात पाण्यात आधी कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या मुलाचं पाणी पाहतात तसं. बोटांच्या शब्दावर विसंबून त्यानं एकदा हात पोळून घेतला होता. सदऱ्याची बटणं आरशात पाहून लावली. बटण काजात गेलं की नाही, हे बोटं सांगत नसत, डोळ्यांना विचारावं लागे. टूथपेस्टचं टोपण आधीच सैल करून ठेवलेलं होतं. स्वयंपाकघरात साखरेच्या बरणीचं झाकणही तसंच, नुसतं टेकवलेलं. बायकोनं हे कधीपासून सुरू केलं ते त्याला आठवत नव्हतं. त्याबद्दल दोघं कधी बोललेही नव्हते.

ती टपाल कचेरीत खिडकीवर बसे आणि त्याच्या आधी घराबाहेर पडे. पर्स खांद्याला लावता लावता तिनं कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाली, आज गुरुवार, म्हणजे बाईंना फोन करायचा वार. लग्नाआधी मला एवढ्या नेमानं फोन केला असतात तर मी आणखी दोन स्थळं तरी नाकारली असती. तो हसला. तिनं जाता जाता त्याच्या कॉलरची घडी सरळ केली. बटण एक घर चुकलं होतं का, हे तिच्या बोटांवरून त्याला कळलं नाही.

गुरुवारचा हा फोन गटाचा नियम होता. त्याचा आजार ज्यांना होता अशी दहा-पंधरा माणसं शनिवारी एका ग्रंथालयाच्या माडीवरच्या खोलीत जमत. मल्टिपल स्क्लेरोसिस हे मज्जातंतूंच्या आजाराचं लांबलचक नाव तिथं कुणी घेत नसे, ‘आपलं’ म्हणत. पाय जड झालेत, डोळ्यापुढे दुधी काच आली आहे, अंग पट्ट्यानं आवळल्यासारखं वाटतं, असं कुणी सांगितलं की बाकीचे मान हलवत: आपलंच आहे ते. गटात डॉक्टर नव्हता, परिचारिका नव्हती. गट चालवणाराही त्यांच्यातलाच हवा, आणि गेली काही वर्षं तो चालवणारा हाच होता. कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. मागितल्याशिवाय हात द्यायचा नाही. बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही, कारण घरी येऊन कीव करणारे प्रत्येकाला पुष्कळ होते. दर शनिवारी प्रत्येकानं पुढच्या आठवड्यात स्वतःसाठी करायची एक गोष्ट ठरवायची आणि ती होईल याची खात्री दहापैकी किती, तो आकडा मोठ्यानं सांगायचा. आकडा सातच्या खाली असला तर गोष्ट लहान करायची. गच्चीपर्यंत चढणं पाच असेल तर पहिल्या वळणापर्यंत. तेही सहा असेल तर दोन पायऱ्या. सात आला की सगळे ‘छान’ म्हणत. मग मधल्या गुरुवारी जोडीदारानं फोन करून एकच प्रश्न विचारायचा: ठरवलेलं झालं का?

या पद्धतीनं त्याला जगवलं होतं, असं त्यानं कुणालाही सांगितलं असतं. आजार कळला त्या वर्षी तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मग एका माजी पोहण्याच्या शिक्षिकेनं, जिचे स्वतःचे दोन्ही हात थरथरत, त्याला विचारलं होतं की उद्या एकच गोष्ट करायची तर कोणती कराल. दाढी, तो म्हणाला होता. आकडा? चार. मग अर्धी करा, ती गंभीरपणे म्हणाली होती, आणि अर्धी दाढी केलेला माणूस आरशात पाहून तो कितीतरी महिन्यांनी हसला होता.

त्याची जोडी होती गणिताच्या बाईंशी. निवृत्त शिक्षिका. फोन नेहमी त्याच उचलत आणि तो काही म्हणण्याआधी म्हणत, झालं, पूर्ण गुण द्या. आज फोन त्यांच्या यजमानांनी उचलला. बाईंना रात्रीपासून ताप आहे, झोप लागली आहे, म्हणाले. तो बरं म्हणून ठेवणार होता. नंतर कळवा, काळजी घ्या, अशी दोन वाक्यं त्याच्या ओठांवर तयार होती. पण पलीकडून श्वास ऐकू येत राहिला, आणि मग यजमान सावकाश, आवाज न चढवता म्हणाले, "एक विचारू का? तुम्ही तिला तिथं शिकवता तरी काय?"

त्याला प्रश्न कळला नाही.

"दर आठवड्याला थोडं थोडं कमी करायला शिकवता का? गेल्या आठवड्यात ती तुम्हाला म्हणाली, रोज थोडा वेळ खिडकीबाहेर बघेन. तुम्ही छान म्हणालात. मी इथंच उभा होतो. अहो, ती अंथरुणातून उठलेली नाही कित्येक आठवड्यांत. मी तिची कूस बदलतो तेव्हा तिच्यासमोर खिडकी येते. पाठीला जखम झाली आहे, हाताचा पंजा मावेल एवढी. त्याचं छान."

फोन ठेवल्यावर तो कामावर गेला. जायला हवंच होतं. दोन चौक चालायचे, मध्ये एका दुकानाच्या पायरीवर टेकायचं, हे सगळं पायांना पाठ होतं. खिडकीबाहेर बघेन असं बाई म्हणाल्या होत्या तेव्हा त्यानं डोळ्यांपुढे एक खुर्ची पाहिली होती. वेताची, हातांची, खिडकीशी ओढून घेतलेली. कुणी त्याला खुर्चीबद्दल सांगितलं नव्हतं. ती त्यानं स्वतःच तिथं नेऊन ठेवली होती. आणि त्या आधीच्या आठवड्यात? रोज एक कोडं सोडवीन. तेव्हा त्यानं टेबल ठेवलं होतं. आकडा दहा. बाई गटात पहिल्यांदा आल्या तेव्हा काठी टेकत माडीचा जिना चढल्या होत्या आणि धापा टाकत म्हणाल्या होत्या की मी शाळा सोडलेली नाही, फक्त फळ्यापर्यंत हात पोचेनासा झाला. आकड्यांची रीत ऐकून त्यांनी विचारलं होतं, हा आकडा मोजायचा कशानं? सगळे हसले होते. त्यांची पहिली गोष्ट कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत एकटीनं जायची होती. सहा. मग फाटकापर्यंत. आठ, छान. मग अंगणाची पायरी. मग एके शनिवारी जिना झाला नाही आणि बाई फोनवरून भाग घेऊ लागल्या. खाली एक खोली रिकामी असते हे ग्रंथालयाच्या माणसानं सांगितलं होतं. पण वरची हवेशीर होती, आणि जे येत होते त्यांना जिना चढता येत होता. जे येईनासे होत त्यांच्याविषयी कुणी विचारत नसे. नव्यानं आजार कळलेली माणसं गटात असतात, त्यांना घाबरवायचं नाही. हाही एक नियम होता, कुणीच न केलेला.

तो कामाला होता त्या कवळ्यांच्या कारखान्यात दोन टेबलं होती, एक मालकाचं आणि एक त्याचं. कारखाना म्हणजे एक लांबट खोली: प्लास्टरचे साचे मांडलेली फळी, मेण वितळवायचा छोटा बर्नर, पॉलिशचं चाक. मालक आणि तो एकाच संस्थेत हे काम शिकले होते. मालकाच्या वडिलांनी जागा दिली म्हणून तो मालक झाला, एवढाच फरक, आणि दोघं एकमेकांना अजून अरे-तुरे करत. दात कोरून पोट भरत नाही असं कोण म्हणतं, ही मालकाची ठरलेली थट्टा होती. नव्या गिऱ्हाइकासमोर ती हमखास निघे. आज त्याच्यासमोर एका गाणाऱ्या बाईंचं काम होतं, वरचे समोरचे दात. अशी कामं पूर्वी सगळी त्याच्याकडे यायची. समोरचे दात म्हणजे नुसते दात नव्हेत, माणसाचं हसणं आणि माणसाचा ‘स’. मेणाच्या सुरीनं हिरडीची कड उतरवायची आणि अंगठा फिरवून पाहायची. अंगठ्याला जे टोचतं ते तोंडात शंभर पट टोचतं. त्याच्या अंगठ्याला टोचायचं बंद होऊन वर्ष झालं असेल. कुणाला न सांगता त्यानं दुसरी युक्ती काढली होती: मालकाची पाठ असताना स्पिरिटनं पुसून ती कड खालच्या ओठावरून फिरवायची. ओठ अजून शाबूत होते. पण ओठ उन्हाळ्यात, बर्नरच्या धगीत, दुपारनंतर बधिर होऊ लागले होते, आणि त्याबद्दल त्यानं डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं.

आपली स्वतःची गोष्ट या आठवड्यात काय होती? सुरी हातात धरून तो आठवू लागला. रबरी चेंडू, रोज सकाळी दहा वेळा दाबायचा. नऊ. त्याआधी? कपाट आवरेन. त्याआधी कधीतरी, खूप पूर्वी, तो म्हणाला होता की मालकाशी बोलेन. पाच आला होता. मग लहान केलं: काय बोलायचं त्याचा विचार करेन. आठ. छान, सगळे म्हणाले होते. गट चालवणारा नेहमी शेवटी सांगे आणि तोवर सगळे घरी जायच्या घाईत असत. विचार करून झाला होता. ठरवलेलं झालं होतं. एक पायरी, अर्धी पायरी, पाव पायरी, आणि प्रत्येक पायरीवर टाळ्या. वर जातो आहोत की खाली, हे पायरीवर लिहिलेलं नसतं. त्याला उकडू लागलं, डाव्या डोळ्यापुढचं मेण दुधाळ झालं, आणि त्यानं सुरी खाली ठेवली. मालक पलीकडून म्हणाला, थांब थोडा, घाई नाही त्या कामाची. हल्ली मालकाकडे त्याच्या कुठल्याच कामाची घाई नसे.

संध्याकाळी तो बाईंच्या घरी गेला. न बोलावता. दार उघडून यजमान बाजूला झाले. सकाळचं काही ते पुन्हा बोलले नाहीत, आणि चहाही विचारला नाही. घरात जंतुनाशकाचा वास होता आणि त्याच्याखाली आणखी एक वास, जो जंतुनाशकानं झाकला जात नव्हता. बाई कुशीवर होत्या, खिडकीकडे पाठ करून. पाठीमागे उशांचा बांध. चेहरा लहान झाला होता. फोनवरचा आवाज एवढ्याशा चेहऱ्यातून येत होता यावर त्याचा विश्वास बसेना.

"नियम मोडलात," त्या म्हणाल्या.

"हो."

"बसा. खुर्चीवरची औषधं उचलून ठेवा. खाली वाकून नको, वीज चमकेल तुमची."

तो बसला. त्यांनी विचारलं की यजमानांनी फोनवर फाडून खाल्लं का. तो नाही म्हणाला. त्या म्हणाल्या, मग बिचाऱ्यांचं पोट भरलं नसेल, दिवसभर मलाच उचलत असतात. दाराबाहेर यजमान काहीतरी पिळून वाळत घालत असल्याचा आवाज येत होता.

"तुम्हाला कळलं नव्हतं?" बाईंनी विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं, आणि खोटंही नव्हतं, कारण वेताची खुर्ची होतीच. तो म्हणाला, "कळलं असावं. पण तुमचा आकडा दहा होता."

"काहीच न करण्याची खात्री दहापैकी दहाच असते. सातवीतल्या पोरानं पकडलं असतं." त्या थांबल्या. बोलतानाही त्यांना आता धाप लागत होती. "मी दर गुरुवारी वाट पाहायची. आज हा विचारेल, बाई, तुम्ही बसलाय कुठं? नाही विचारलंत. नियम पाळलात. रागावले नाही मी. मीही पाळलाच की. तुमचं नाही का ऐकत होते? आधी मालकांशी बोलणार होतात. आता काय, तर चेंडू. आणि मी म्हटलं, छान."

त्यानं ओठावरून बोट फिरवलं. ओठाला बोट कळलं, बोटाला ओठ कळला नाही.

मग त्यानं जखमेबद्दल विचारलं. हा प्रश्न गटात बसत नव्हता. डॉक्टरांना दाखवली नाही, त्या म्हणाल्या. यजमान पट्टी बदलतात, त्यांना शपथ घातली आहे. डॉक्टर आले की पाहतील, पाहिली की उचलून इस्पितळात नेतील. न्यायला चार माणसं येतात. परत आणायला कुणाकडे वेळ असतो? तिथल्या लांब दालनातल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या, त्यांच्या आईला तिथं ठेवलं होतं तेव्हा. छताकडे तोंड करून ओळीनं ठेवलेल्या. इथं निदान कूस बदलली की खिडकी येते. हे सगळं त्या अगदी सपाट आवाजात सांगत होत्या, उदाहरण सोडवून दाखवताना पायरी चुकू नये तशा.

"विचारा," शेवटी त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमचा प्रश्न. आलाच आहात तर."

त्यानं विचारलं, पुढच्या आठवड्यात काय कराल.

"डॉक्टरांना पाठ दाखवीन."

"आकडा?"

त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "चार."

पुढचं वाक्य त्याच्या जिभेवर आपोआप आलं. इतक्या वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं. मग लहान करू या का? डॉक्टरांना नुसता फोन करीन. फोनचा नंबर काढून ठेवीन. नंबराचा विचार करीन. त्यानं ते वाक्य गिळलं. बाई डोळे उघडून त्याच्याकडे पाहत होत्या, एखादं पोर फळ्याशी उभं असताना बघावं तशा, मदत न करता.

"चार तर चार," तो म्हणाला.

"तुमचं?"

"मालकाला सांगेन. माझ्या बोटांना कळत नाही म्हणून."

"आकडा?"

"दोन."

"म्हणजे वर्गात मी पहिली," बाई म्हणाल्या. मग त्यांनी यजमानांना हाक मारली आणि कूस बदलून द्यायला सांगितलं. त्यानं उठून बाहेर जायला हवं होतं. त्यांनी थांबा असंही म्हटलं नाही आणि जा असंही नाही. तो थांबला. मदत करू का, असं त्यानं विचारलं. यजमान म्हणाले, उशी धरा. त्यानं दोन्ही हातांनी, डोळ्यांनी पाहत, उशी धरली.

घरी बायको जागीच होती. त्यानं तिला बाईंबद्दल सांगितलं आणि स्वतःबद्दल काही सांगितलं नाही. पण अंथरुणावर पडल्यावर एकदम म्हणाला की झाकणं सैल करून ठेवू नकोस. ती त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, मग उघडणार कसं? तो म्हणाला, मी तुला हाक मारीन. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ती पुटपुटली, आणि अंधारात तिनं त्याचा हात हातात घेतला की मनगट, हे त्याला नीट समजलं नाही.

शुक्रवारी सकाळी तो टेबलाशी बसला. गाणाऱ्या बाईंचं काम समोर होतं. बर्नर पेटवला. मालक साचे काढत होता, रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं देत होता. आता सांगू, असं त्याला वाटलं. मग वाटलं, एवढा साचा काढून होऊ दे. मग एक गिऱ्हाईक आलं. मग मालकानं ती दात कोरण्याची थट्टा केली आणि ते गिऱ्हाईक हसलं. दोन म्हणजे दोनच, त्याला वाटलं. दहापैकी आठ वेळा हे होणार नाही, असाच त्याचा अर्थ. आजचा दिवस त्या आठांपैकी असला तर त्यात खोटं काही नाही. त्यानं सुरी गरम केली.

तेवढ्यात यजमानांचा फोन आला. सकाळी डॉक्टर आले होते. बाईंनी स्वतःच बोलवायला लावलं. पाठ पाहताच डॉक्टरांनी बाहेर जाऊन गाडी मागवली. जखम हाडापर्यंत गेली आहे, विष रक्तात उतरलं आहे बहुतेक. आत्ता नेलं. चौघं होते. यजमान रडत नव्हते. त्यांच्या मागे कुठेतरी चाकांचा आणि दारांचा आवाज होता.

"काही म्हणाल्या का?"

"म्हणाली, त्यांना फोन करा. म्हणावं, ठरवलेलं झालं."

त्यानं फोन ठेवला. हातातल्या सुरीवरचं मेण गोठून पांढरं झालं होतं. ती सुरी त्यानं ठेवून दिली, गाणाऱ्या बाईंचा साचा दोन्ही हातांनी उचलला आणि टेबलाला वळसा घालून मालकाच्या टेबलाशी गेला. पाय ओढत होता तो त्यानं ओढू दिला. साचा मालकासमोर ठेवला.

"हे मला जमणार नाही," तो म्हणाला. "माझ्या बोटांना कड कळत नाही. वर्ष झालं. आता ओठांनाही कळेनासं व्हायला लागलंय."

मालकानं रेडिओ बंद केला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तू गेलास की मी घासतो. तुझी सगळी कामं. तुला वाईट वाटेल म्हणून..." त्यानं वाक्य तसंच सोडलं.

म्हणजे वर्षभर त्याच्या हातचं एकही काम त्याच्या हातचं नव्हतं. लोक हसत होते, जेवत होते, गात होते, आणि त्यातलं काहीच त्याचं नव्हतं. त्याला राग येईल असं वाटलं. आला नाही. उंच जिन्यावरून खाली पाहावं आणि तळ आपल्याला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ जवळ असावा, तसं काहीतरी झालं.

"आता घासू नकोस," तो म्हणाला.

मालकानं मान हलवली. मग साचा स्वतःकडे ओढून घेतला आणि उजेडात धरून, अंगठा फिरवत, पाहू लागला. तो आपल्या टेबलाशी परत आला. बर्नर बंद केला. खुर्चीत बसला आणि मोकळे हात टेबलावर ठेवून, त्या हातांनी आता काय करायचं हे ठाऊक नसताना, बसून राहिला.